ऐसपैस जागेची विनंती

मांडवी,
आषाढ वद्य चतुर्थी

प्रिय कंकू,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माच्या आधीपासून दुखतोय, त्यामुळे ती काही बातमी नव्हे. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून राहतो आणि आई मुद्दाम मोठ्यांदा बोलते, म्हणजे मला ऐकू यावं. आणि आज एकदम चार पानं लिहायला बसलोय. का, ते सांगतो. पण दमाने सांगतो, कारण माझ्याच डोक्यात सगळा गुंता झालाय. मला तुला आपल्या तीन जुन्या शब्दांचा अर्थ विचारायचा आहे. तू तीन वर्षं घरी का आली नाहीस आणि यापुढे येणार की नाही, हे सगळं त्या एका अर्थावर अडलंय असं मला गेले चार दिवस वाटतंय.

आधी इकडची हकिगत. गलबतं रुक्मावती नदीच्या पात्रात वर ओढून ठेवली आहेत, पावसाळ्यामुळे समुद्र बंद आहे, आणि खलाशी दिवसभर दाबेली खात एकमेकांच्या कुरापती काढत बसलेत. तेव्हा खारव्यांच्या पंचांनी यंदा ठरवलं, की या रिकाम्या दिवसांत सगळ्या तांडेलांना आणि सुकाण्यांना यंत्रावर येणारे समुद्रावरचे इशारे वाचायला शिकवायचं. शिकवणार कोण, तर मी, वेलजी मालम. मीच का, हे कुणी तोंडाने बोललं नाही. पण ज्याने वाचण्यात गावातली सगळ्यात मोठी चूक केली, तो निदान ती एक तरी नीट शिकवील, असा त्यांचा हिशेब असणार. नदीकाठी अर्ध्या बांधलेल्या एका गलबताच्या पोटाखाली शाळा भरते. चौदा विद्यार्थी आहेत, सगळ्यांना दाढ्या. सुमार पहिल्या रांगेत बसतो. आपल्या ‘जलप्रसाद’वरचा सुकाणी सुमार, तू त्याला विसरली नसशीलच. उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून तो डाव्या हाताने लिहितो आणि त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं येतं, हे तो रोज एकदा तरी ऐकवतो.

शिकवायला लागल्यापासून माझ्या लक्षात आलं, की या इशाऱ्यांमध्ये गोंधळ होण्यासारखं किती आहे. गोंधळ माझाच झाला होता सगळा, त्यामुळे उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना तोफांची गोष्ट सांगितली. ‘जलप्रसाद’वर यंत्र नवीन बसवलं होतं. कागदाची पट्टी आली, की अमुक ठिकाणी नौदलाचा तोफांचा सराव आहे, साडेचार ते साडेनऊ. मी शहाणा, पहाटे साडेचारलाच नांगर टाकला, साडेनऊपर्यंत चहा पीत बसलो, आणि नऊ चाळीसला मोठ्या ऐटीत निघालो. तिकडे तोफा सुरू झाल्या दहाला. पट्टीवरची वेळ विलायतेतली असते आणि तिच्यात आपले साडेपाच तास मिळवायचे असतात, हे मला कोण सांगणार? एक गस्तीची बोट येऊन मला जे बोलली ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सोडून. तू तेव्हा नववीत होतीस. हसून हसून झोपाळ्यावरून खाली पडलीस.

त्यानंतर मी पट्ट्या फाडून खिशात घालून घरी आणायला लागलो, आणि आपण दोघं शाळेच्या शब्दकोशात एकेक शब्द शोधायला लागलो. मी बापाकडून तारे शिकलो होतो, पाण्याच्या रंगावरून खोली सांगायला शिकलो होतो. इंग्रजी माझ्या कामाची नाही असं मला वाटायचं. दुपारी मी झोपाळ्यावर लांब व्हायचो, तू खाली पाटावर बसायचीस, आणि तुझ्या शंभर पानी वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला आपल्या भाषेत अर्थ, अशी यादी वाढत जायची. पहिल्याच पानावर तू लिहिलंस, ‘साडेपाच मिळवा’, आणि त्याखाली दोन रेघा. प्रत्येक इशाऱ्याच्या शेवटी तो रद्द कधी करायचा ते लिहिलेलं असतं. मी ‘कॅन्सल’ एवढंच वाचून, इशारा रद्द झाला म्हणून आधी पट्ट्या फेकून देत होतो. रद्द करायला एवढा कागद कशाला वाया घालवतात, असंही म्हणत होतो. तू मला समजावलंस, की ती इशाऱ्याच्या मरणाची तारीख आहे, तोवर तो जिवंत आहे. आणि ज्या इशाऱ्यावर अशी तारीखच नसते, तो दुसरा इशारा येऊन त्याला रद्द करेपर्यंत लागू राहतो. हे शेवटचं मी कधी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आणि मग ते तीन शब्द आले. वाइड बर्थ रिक्वेस्टेड. बर्थ म्हणजे गोदीत जहाज लागायची जागा, हे मला ठाऊक होतं. आगगाडीत झोपायची फळी म्हणजे बर्थ, हे तुला ठाऊक होतं. वाइड म्हणजे रुंद, रिक्वेस्टेड म्हणजे विनंती, हे शब्दकोशाला ठाऊक होतं. तिघांनी मिळून अर्थ काढला, आणि तू वहीत लिहिलंस, ‘ऐसपैस जागेची विनंती’. कुणीतरी मोठं जहाज आहे, त्याला लागायला मोठी जागा हवी आहे, ते बंदराकडे मागतंय. आपला काही संबंध नाही. मला तो अर्थ फार आवडला. समुद्रावरसुद्धा लोक इतक्या अदबीने जागा मागतात याचं मला कौतुक वाटलं. दुसऱ्याच दिवशी तू शाळेतून आलीस, मी झोपाळाभर पसरलो होतो, आणि तू दप्तर न उतरवता म्हणालीस, “वाइड बर्थ रिक्वेस्टेड, बापा.” मी पाय पोटाशी घेतले आणि म्हटलं, “सरकलो.” त्यानंतर आपल्या घरात तो कायदाच झाला. जेवायला पाट मांडले की तू म्हणायचीस, आणि मला ताटासकट हलायला लागायचं. आई म्हणायची, बाप-लेकीला वेड लागलंय. तुझं ते म्हणणं आणि माझं ‘सरकलो’ म्हणणं, याच्यात मी किती सुखी होतो, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवतो.

तू वही माझ्यासाठी दुसऱ्या वहीत उतरवून दिलीस. ती नक्कल ‘जलप्रसाद’वर गेली आणि मूळ वही घरी पेटीत राहिली, माझ्या बापाच्या पोथीबरोबर त्याच लाल फडक्यात. मग तू शिकायला मुंबईला गेलीस. खारव्याची पोर जहाजावर अधिकारी होणार म्हणून मी अख्ख्या बंदराला पेढे वाटले, आणि ज्यांनी पेढा घेताना तोंड वाकडं केलं त्यांना दुसरा दिला नाही.

आता ती माघातली सकाळ. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. मस्कतहून खजूर घेऊन येत होतो. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी धुकट हवा होती. आदल्या दिवशी पट्टी आली होती, की समुद्राच्या तळाची पाहणी करणारं एक जहाज फिरतंय, त्याच्यामागे सहा हजार मीटरची केबल आहे, आणि शेवटी, वाइड बर्थ ऑफ फाइव्ह माइल्स रिक्वेस्टेड. केबल तळाशी टाकत असतील, टेलिफोनची टाकतात तशी, असं मी समजलो. आणि पाच मैलांची जागा मागतोय म्हटल्यावर मी आणि सुमार पोट धरून हसलो. अख्ख्या मांडवीचा किनारा दिला तरी याला पुरायचा नाही, असं सुमार म्हणाला. सकाळी ते जहाज दिसलं. मी सभ्यपणा म्हणून त्याच्या पुढून न जाता मागून जायचं ठरवलं. त्याची राखणदार बोट बिनतारी यंत्रावर ओरडायला लागली, वाइड बर्थ, वाइड बर्थ. आणि कंकू, मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी माझ्या इंग्रजीत अगदी नम्रपणे सांगितलं, “सर, आस्क पोर्ट.” तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत त्यांची ती पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारी जाडजूड केबल आमच्या सुकाणूत अडकली, सुकाणू उखडलं, त्याच्या साखळीला हिसका बसला आणि सुमारचा हात साखळीवर होता.

माणसं वाचली, गलबत ओढून आणलं. मग लधाशेठच्या ओटीवर पंच बसले. गलबत शेठचं, बोलायचा हक्क त्यांचा. त्यांनी विचारलं, इशारा आला होता का? म्हटलं, आला होता. वाचला होता का? वाचला होता. मग? सगळे माझ्याकडे बघत होते. सुमारचा भाऊ कोपऱ्यात उभा होता. माझ्या मागे गलबतांना वाट दाखवणारं तीन पिढ्यांचं मालमपण होतं आणि माझ्या हातात तुझी वही होती. मी ती शेठच्या समोर ठेवली आणि म्हणालो, “अर्थ माझ्या मुलीने काढलाय. ती आता अधिकारी व्हायला शिकते आहे.” एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं त्यात काही. पण त्या क्षणी मी तुझ्यामागे लपलो, हे मला तिथेच कळलं होतं, आणि कळूनही मी बाहेर आलो नाही. मला पुढच्या हंगामात पुन्हा गलबत मिळालं. वहीची ती नक्कल शेठकडेच राहिली.

होळीला तू आलीस. बाजारातून घरापर्यंत येताना तुला तिघांनी विचारलं म्हणे, ऑफिसरबाई, आमचं एक पत्र वाचून देता का, पण अर्थ बरोबर सांगा. तू घरात शिरलीस तेव्हा मी जेवत होतो. मला वाटलं, आता तू भांडशील. मी भांडायची तयारीसुद्धा ठेवली होती. लोक तर बोलणारच, तुझंच तर अक्षर होतं, वगैरे. तू भांडली नाहीस. दारात उभी राहून म्हणालीस, “बापा, आईने तुम्हाला सांगितलं नव्हतं?” मी म्हटलं, “काय?” तू खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, “काही नाही.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून गेलीस. तो प्रश्न मी तीन वर्षं डोक्यात घोळवतोय. आईने काय सांगायचं होतं? मला वाटायचं, तू येणार असल्याचं सांगायचं असेल. कधी वाटायचं, लोक काय बोलतात ते. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी तुम्हाला शंभर गोष्टी सांगते, त्यातली कोणती ते मी काय सांगू.

त्यानंतर चार महिन्यांनी, आषाढी बीजेच्या दिवशी, तू जहाजावर असताना, माझ्या फोनवर तुझा निरोप आला. नमस्कार नाही, चमस्कार नाही. वाइड बर्थ रिक्वेस्टेड. तीन शब्द. एव्हाना त्या तीन शब्दांचा खरा अर्थ मला गावातल्या लहान पोरांनीसुद्धा शिकवला होता. आमच्यापासून लांब राहा. जवळून जाऊ नका. मी तो निरोप वाचला आणि म्हटलं, ठीक आहे. पोरीला आता भाषा नीट येते, मलाही येते. तिने सांगितलंय लांब राहा, आपण लांब राहायचं. एकदा एवढ्याच शब्दांचं ऐकलं नव्हतं तर सुमारची बोटं गेली. आता तरी ऐकावं. निरोपावर रद्द व्हायची तारीख नव्हती. म्हणजे तू दुसरा निरोप पाठवेपर्यंत तो लागू. असा मी तीन वर्षं तुझ्यापासून लांब राहिलो, अगदी इमानाने. फोनला हात लावला नाही. आई विचारायची तू घरी कधी येतेस, आणि तू म्हणायचीस, “बापांना विचार.” मला तो टोमणा वाटायचा आणि मी झोपाळ्याला जोरात पाय मारायचो. आपल्या कच्छी माणसाच्या नव्या वर्षाच्या दिवशी कुणी बापाला ‘लांब राहा’ असा निरोप पाठवील का, एवढा साधा विचार मला शिवला नाही. चुकीचं वाचून एकदा तोंडघशी पडलेला माणूस पुढे सगळंच फार बरोबर वाचायला जातो.

आता चार दिवसांपूर्वीची गोष्ट. शाळेत हे तीन शब्द शिकवायची वेळ आली. मी पळवाट काढणार नव्हतो. ठरवलं होतं, की वहीच आणायची आणि सगळ्यांना दाखवायचं, की चूक कशी दिसते. नक्कल शेठकडे कुठे हरवली कुणास ठाऊक, म्हणून आईला सांगून पेटीतून मूळ वही काढवली. लाल फडक्याला अजून कापराचा वास येतो. दुपारी नदीकाठी गेलो, चष्मा घरीच विसरलो, म्हणून वही सुमारच्या हातात दिली आणि म्हटलं, तूच वाच. तुझा हक्क आहे. त्याने पान शोधलं आणि वाचलं, वाइड बर्थ रिक्वेस्टेड, ऐसपैस जागेची विनंती. सगळे हसले. मीही हसलो. सुमार हसला नाही. तो त्याच पानावर खाली बघत होता. मग हळूहळू, प्रत्येक शब्द सुटा करून, त्याने पुढचं वाचलं. हिरव्या शाईत लिहिलेलं होतं. “बापा, हा अर्थ चुकलाय. खरा अर्थ, आमच्यापासून लांब राहा. गलबतावरच्या वहीतही आजच्या आज दुरुस्त करा, विसरू नका.” खाली तारीख होती. दिवाळीची. सुमारने मान वर केली. माघातल्या त्या सकाळच्या तीन महिने आधीची तारीख होती ती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, “मालम, पोरीने तर वेळेवर इशारा दिला होता.”

मला तेव्हा आठवलं, कंकू. त्या दिवाळीत मी समुद्रावर होतो. मार्गशीर्षात घरी आलो तेव्हा तुझ्या आईने ताट वाढताना सांगितलं होतं, कंकूने वहीत काहीतरी लिहून ठेवलंय, बघून घ्या म्हणत होती. मी म्हटलं होतं, बघतो. निघायच्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं होतं, माझी पोर मला काय शिकवणार, ती वही मला पाठ आहे. असं म्हणालो होतो मी, हसत हसत, तुझं कौतुक करतोय अशा थाटात. आईला सहीपुरतं वाचता येतं, तिला बिचारीला काय माहीत तू काय लिहिलं होतंस. तू दारात उभी राहून विचारलंस ते हे. आणि मी “काय?” म्हटल्यावर तुला कळलं, की मी वही उघडलीच नव्हती. तू तेव्हा चौकात जाऊन ओरडून सांगितलं असतंस, की मी तीन महिने आधी दुरुस्त केलं होतं, बापांनी वाचलं नाही, तर मला पुन्हा कुणी होडीसुद्धा चालवायला दिली नसती. तू “काही नाही” म्हणालीस. माझं मालमपण तू त्या दोन शब्दांत वाचवलंस आणि लोकांचे टोमणे घेऊन बसमध्ये बसलीस. मी चौदा जणांसमोर उभा राहून सांगितलं, चूक माझी होती, मला सांगूनही मी वाचलं नव्हतं, आणि शेठच्या ओटीवर मी माझ्या पोरीचं नाव पुढे केलं. मग तसाच लधाशेठकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. शेठ म्हणाले, इतक्या वर्षांनी कशाला उकरता. सुमार मात्र माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसला आणि म्हणाला, शिकवा पुढचं.

पण हे सगळं सांगायला मी पत्र लिहिलं नाही. माफी मागायची ती समोर मागेन, कागदावर मागून मोकळा होणार नाही. पत्र लिहिलं ते हिरव्या शाईतल्या शेवटच्या ओळीसाठी. सुमारने ती मोठ्याने वाचली नाही. वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, हे तुमचं घरचं आहे, घरी जाऊन वाचा. घरी येऊन चष्मा लावला. तू लिहिलं होतंस, “समुद्रावर हाच अर्थ पाळायचा. आपल्या घरात मात्र जुनाच चालू ठेवू.” कंकू, मला अजून नक्की कळत नाही. बीजेच्या दिवशी तू निरोप पाठवलास तो समुद्रावरून पाठवलास, पण पाठवलास घरी. मग त्याला कोणता अर्थ लावायचा? तू लांब राहा म्हणत होतीस, की जागा मागत होतीस? तू जागा मागत असशील आणि बाप तीन वर्षं हललाच नाही असं तुला वाटलं असेल, तर त्या कल्पनेनेच मला जेवण जात नाही. आणि तू खरंच लांब राहा म्हणाली असशील, तर हे पत्र वाचून तसं कळव, मी पुन्हा लांब होईन, यावेळी तारीख घालून दे म्हणजे झालं. तोवर मी वहीतलाच अर्थ धरतो. आई या पानांचे फोटो काढून आज तुला पाठवील. तिला वाचता येत नसलं तरी फोटो चांगले येतात. मी झोपाळ्याच्या अगदी डाव्या टोकाला बसून लिहितोय. उजवीकडे कुणी नसल्यामुळे झोपाळा एका बाजूला कलतो आणि अक्षर वाकडं येतं, ते समजून घे. तुझ्या निरोपाला तेव्हाच द्यायचं होतं ते उत्तर तीन वर्षं उशिरा देतोय.

सरकलो.

तुझाच,
बापा